घरचं इन्शुलिन

दूध म्हशीखालचं आणि भाकरी तव्यावरची, एवढं सोडलं तर जगातली प्रत्येक गोष्ट शिळी असते, असं आमच्या अप्पांचं मत होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, गुळाचे अडते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरातून ते रोज भल्या सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर जात. तिथं म्हशी उभ्या असतात, गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि गिऱ्हाईक तो कोमट पेला तिथंच उभ्याउभ्या पितं. बाकीची माणसं पेल्याकडे बघत. अप्पा म्हशीच्या तोंडाकडे बघत. ती रुसलेली दिसली तर पेला परत. "नाखूश जनावराचं दूध अंगाला लागत न्हाय." मन भरलं की फेसासकट पेला एका दमात रिकामा. मग फेसाच्या मिशा धोतराच्या सोग्याला पुसून ते बाजारात जाणार आणि दिवसभर गूळ चाखणार. चाखणं हा त्यांचा धंदाच होता.

त्यामुळे डॉक्टरांनी साखर सापडल्याचं सांगितलं, तेव्हा आम्हाला एवढंच नवल वाटलं की ती इतकी वर्षं लपली कुठं होती. दुखावले फक्त अप्पा.

"गोड मी खाल्लंय कवा? मी निस्तं चाखलंय."

काही वर्षं गोळ्यांवर निघाली. मग नव्वदचं दशक संपत आलं असताना अप्पांनी नवी कापशी चप्पल घेतली. कोल्हापुरात नवी चप्पल चावली नाही तर लोकांना ती खोटी वाटते, त्यामुळे ती उजव्या अंगठ्याला चावली याचा अप्पांना सुरुवातीला आनंदच झाला. जखम मात्र बरी होईना. तेल लावून झालं, हळद लावून झाली. शेवटी आमचे डॉक्टर घरी आले, पट्टी सोडून बघितली आणि म्हणाले, "गोळ्यांचं काम संपलं अप्पा. आता इन्शुलिन घ्यायला लागतंय. उशीर केलात तर या अंगठ्याची खात्री मी देत नाही."

डॉक्टर भांडणाच्या तयारीनं आले होते. अप्पांनी त्यांची पार निराशा केली.

"घ्यायचं की!" ते म्हणाले. "न्हाय कोन म्हनतंय? पन बाजारचं न्हाय घेनार. घरचं घेनार."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

इथं माझी ओळख करून द्यायला हवी. मी घरातली थोरली, म्हणून बापापासून गल्लीपर्यंत सगळ्यांची अक्का. वय लग्नाचं, काम पीएचडीचं. विषयाचं नाव इंग्रजीत दीड ओळीचं होतं, पण मतलब साधा होता. पोटात जठरामागं स्वादुपिंड असतं आणि त्यात खसखशीच्या दाण्याहूनही बारीक अशा पेशींचे पुंजके विखुरलेले असतात. त्यांना बेटं म्हणतात. रक्तात साखर वाढली की ही बेटं इन्शुलिन सोडतात. उंदराच्या स्वादुपिंडातून ती बेटं अलगद सोडवून घ्यायची, काचेच्या बशीत जगवायची आणि कशी ठेवली तर ती इन्शुलिन किती बनवतात ते बघायचं. ऊब किती, दाटी किती, पाणी कसलं, साखर किती. एवढंच माझं काम.

घरी हे समजावताना मी कोल्हापूरला समजेल अशा भाषेत समजावलं होतं. त्यांना ऊब लागते, वेळच्या वेळी खायला लागतं, खालचं पाणी बदलायला लागतं, मग ती देतात. अव्वा, म्हणजे माझी आई, त्यातलं 'उंदीर' एवढंच ऐकून मला अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात घेईना. अप्पांनी मात्र सगळं ऐकलं होतं आणि पटवूनही घेतलं होतं. ज्याच्या गोठ्यात दुभतं आहे त्यानं दूध विकत आणणं ही नाचक्की. पोरगी इन्शुलिनची जनावरं सांभाळते आणि बाप कुठल्या तरी कारखान्यात, कधी काढलंय कुणास ठाऊक असलं, बाटलीत भरलेलं इन्शुलिन टोचून घेणार?

"अप्पा," मी म्हटलं, "सगळ्या बश्या मिळून वर्षभर पिळल्या तरी तुमची महिन्याची सोय व्हायची नाही. आणि ते माणसाला टोचायचं नसतंय. मी सांगतो की, ते निव्वळ अभ्यासासाठी हाय." (आमच्याकडे पोरीही 'सांगतो, जातो'च म्हणतात. पुण्याची माणसं दचकतात, दचकू देत.)

"रेडी जन्मली की दुसऱ्या दिवशी धार देत न्हाय अक्का. दम धर."

"पण ते उंदराचं हाय!"

"शिवशिवा," अव्वा म्हणाली.

"उंदराचं का असंना, ताजं हाय न्हवं?" अप्पा म्हणाले. "मी थांबतो."

मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ते थांबतील. अंगठा थांबणार नाही. दोन-तीन आठवड्यांत त्यांना राजी कर, कसंही कर." बिचारे सज्जन होते. अप्पांना राजी करणं हे वर्णन त्यांनी एखाद्या शक्य गोष्टीसारखं केलं.

त्या दिवसापासून अप्पांनी माझ्या कामात जो रस घेतला, तो खुद्द माझ्या मार्गदर्शक सरांनी कधी घेतला नव्हता. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत प्रश्न.

"आज किती दिलं?"

"काही नाही दिलं. कालच काढलीत नवीन. अजून बावरलीत."

हे खरंच होतं. बेटं सोडवून घेताना एका द्रावणानं भोवतालचं मांस विरघळवतात. त्यात ती अशी भेदरतात की पहिला दिवस नुसती पडून असतात. अप्पांना याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"हातकणंगल्याच्या बाजारातनं आपुन म्हस आनलती, ध्यानात हाय? आठ दिस पान्हा चोरून बसलती. नवी जागा, नवा मानूस. त्यास्नी वरडू नगंस."

"नाही ओरडत."

दुसऱ्या आठवड्यात दिवसाढवळ्या चार तास वीज गेली. आमच्या उबवणीच्या कपाटाभोवती आम्ही शिपायाचं घोंगडं गुंडाळलं आणि आळीपाळीनं त्याला टेकून बसलो. सर, मी आणि ते घोंगडं, असं दृश्य बघून शेजारच्या विभागातले लोक चहाला न येता परत गेले. अप्पांनी हे ऐकल्यावर घरातलं दुसरं घोंगडं पाठवून दिलं. एकदा मी कंटाळून एकाच बशीत जास्त बेटं घातली, तर सगळी मधोमध काळी पडली. आतल्या पेशींपर्यंत हवाच पोचली नाही. अप्पा हळहळले. "गोठ्यात दाटी केलीस व्हय गं? मुकी जनावरं ती. सांगनार कुनाला?"

आता गंमत अशी की जितकं घालावं तितकं जनावर देतं, या अप्पांच्या मताशी मी आतून सहमत होते, आणि सरही. सर जन्मानं याच मातीतले. पाहुणा नको म्हणाला की वाढायचं, पुरे म्हणाला की पुन्हा वाढायचं आणि त्यानं ताटावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून वाढायचं, हे आमचे संस्कार. तेव्हा बेटांना साखर जितकी जास्त, तितकं इन्शुलिन जास्त, यात आम्हाला शंका घेण्यासारखं काही दिसतच नव्हतं. आम्ही तीन प्रकारच्या बश्या लावल्या. एकीतल्या गुलाबी पोषक पाण्यात साखर अगदी कमी, दुसरीत बेताची, तिसरीत चिक्कार. मोठ्या मधुमेह्याच्या रक्तातही नसेल इतकी. वहीत त्यांना शास्त्रीय नावं होती. बोलताना आम्ही त्यांना उपास, घरचं जेवण आणि पंगत म्हणायचो.

पंगतीनं पहिल्या दोन दिवसांत कमाल केली. बश्यांतलं पाणी काढून, बर्फाच्या थर्मासमध्ये घालून आम्ही पुण्याला तपासायला पाठवायचो. तिथून सरांना फोन आला की तिसऱ्या बशीच्या पाण्यात इन्शुलिन नुसतं वाहतंय. सर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. त्यांच्या बाबतीत हे नाचण्यासारखंच होतं.

मी घरी जाऊन बातमी दिली, ही माझी हौस. परिणाम असा झाला की अप्पा दुसऱ्याच दिवशी, पट्टी बांधलेला पाय घेऊन, एसटीनं नृसिंहवाडीला जाऊन आले. दत्ताला नारळ दिला, आणि येताना बासुंदी घेऊन आले. पोरीनं इन्शुलिन काढलं म्हणून बासुंदी! गल्लीत वाट्या फिरल्या. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "आमच्या ह्यांनापन साखर हाय बाई, उरलं तर आमास्नी दे." मी हातातल्या वाटीकडे बघत होते. अप्पांची वाटी चाटून पुसून लख्ख झाली होती.

"अप्पा, बासुंदी?"

"निस्ती चाखली."

त्या आठवड्यात त्यांचा अंगठा जांभळा दिसायला लागला. अव्वा पट्टी बदलताना बोलेनाशी झाली, आणि आमच्या घरात अव्वा गप्प बसणं म्हणजे चूल विझण्यासारखंच. मी अप्पांना सांगितलं, रडून सांगितलं, डॉक्टरांना पुन्हा बोलावून सांगायला लावलं. अप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. "सुरू झालंय की आता! चार दिस जाऊ द्या. हाताशी आलंय ते सोडून बाजारात पळू व्हय?"

आणि मग पंगतीची धार आटू लागली.

आधी आम्हाला वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा बश्या लावल्या. पुन्हा तेच. दोन दिवस पूर, मग ओहोळ, आठवडा संपता संपता थेंब थेंब. बेताच्या साखरेतली बेटं मात्र रोज आपलं नेमस्त काम करत होती, ना गाजावाजा, ना बासुंदी. सर दोन दिवस सुतकी चेहऱ्यानं वावरले. तिसऱ्या दिवशी एकदम म्हणाले, "अगं, हा तर निष्कर्ष आहे!" आणि मारुतीच्या देवळात जाऊन आले. आमच्या अपयशाला मोठं नाव मिळालं आणि माझा प्रबंध वाचला. प्रश्न अंगठ्याचा होता.

त्या संध्याकाळी घरी गेले तर नेहमीप्रमाणे, "आज किती दिलं?"

मी म्हटलं, "अप्पा, तुम्हीच बघायला या."

रविवारी अप्पा आले. पांढरं धुवट धोतर, काळी टोपी, एका पायात कापशी आणि दुसऱ्या पायात पट्टी. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी ती एकुलती एक चप्पल काढली, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत आले. सरांनी खुर्ची दिली. अप्पांनी बसायच्या आधी खिशातून कागदाची पुडी काढून सरांसमोर ठेवली.

"हे काय?" सर म्हणाले.

"गूळ हाय. एक नंबर माल. तुम्ही त्या जनावरांस्नी काय ती पांढरी साखर घालता म्हनं." अप्पांनी सहानुभूतीनं मान हलवली. "साखरंवर कोन दूध देतंय हो? हे घालून बघा."

सर सभ्य गृहस्थ. त्यांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. दुपारपर्यंत एकट्यानंच ती संपवली, हे मला नंतर कळलं.

मी दोन बश्या तयार ठेवल्या होत्या. एक रंग असतो. इन्शुलिन साठलेल्या बेटांवर तो टाकला की ती लालभडक होतात. रिकामी बेटं तशीच फिकट राहतात. वाचायला-लिहायला काही नको, नुसते डोळे हवेत. घरच्या जेवणाची बशी मी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि अप्पांना वाकायला सांगितलं. त्यांनी आधी टोपी काढली.

आधी एक डोळा लावला, मग दुसरा.

"आयला," ते शेवटी म्हणाले. "कुकवाचे ठिपकेच की गं."

"ती भरलेली आहेत. आत माल आहे."

"ही माझ्या पोटात पन हायत?"

"अशीच. हजारोंनी."

ते असे हसले, जसं कुणी त्यांना वारसाहक्कानं शेत मिळाल्याचं सांगावं. मग मी बशी बदलली आणि पंगत सरकवली. अप्पांचं हसू हळूहळू कमी झालं. भिंगाखाली मळकट, फिकट ठिपके पडले होते. शिळ्या भाताच्या शितांसारखे.

"ह्यास्नी काय रोग झाला?"

"रोग नाही. ह्यांना गोड जास्त झालं."

"खाऊन असं झालं?"

"साखर आली की ह्यांना इन्शुलिन सोडावंच लागतं, अप्पा. ती थांबलीच नाही. दिवस नाही, रात्र नाही. सोडत राहिली, आत साठवायला वेळच मिळाला नाही. आता टाकी रिकामी. नवीन करायचं त्राण नाही. काही तर मेली."

अप्पा सरळ झाले. टोपी घातली. आणि सरांवर असे कडाडले की बाहेर व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला.

"ओ सर! तुम्ही शिकल्यालं मानूस न्हवं? म्हंजे आठ दिस चोवीस तास धारच काढत बसलासा की! वासराला न्हाय, इसाव्याला न्हाय! कासंतनं रगात आलं असतं की हो जनावराच्या! असं कोन करतंय?"

सर खुर्चीत मागं सरकले. त्यांच्या हातात गुळाचा खडा होता. "चुकलं," ते म्हणाले.

मी बशी भिंगाखालीच राहू दिली.  अप्पा रागारागानं पुन्हा भिंगावर वाकले, त्या फिकट ठिपक्यांकडे बघत राहिले. मग त्यांचा एक हात हळूहळू पोटाकडे गेला. धोतराच्या निऱ्यांच्या जरा वर, डाव्या अंगाला, तिथं तो थांबला.

"अक्का."

"काय अप्पा?"

"गूळ चाखला तरी त्यास्नी काम पडतंय?"

"पडतंय."

"बासुंदी?"

"बासुंदी तर पंगतच."

 सर तोंडातला गूळ चावायचे थांबले होते.

"परत भरत्यात का न्हाईत?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. कपाटात तिसरी बशी होती. त्यातली बेटं पंगतीतून उठवून चार दिवस बेताच्या साखरेत ठेवली होती. मी ती भिंगाखाली ठेवली. काही ठिपके फिकटच होते. काहींवर मात्र पुन्हा लाली चढली होती. पूर्वीसारखी लालभडक नाही, पुसट, घामानं फिसकटलेल्या कुंकवासारखी.

"सगळी भरत नाहीत," मी म्हटलं. "वेळेत उठवली तेवढीच."

"आन् माझ्यातल्यास्नी कोन उठवनार?"

"बाटलीतलं इन्शुलिन. ते बाहेरून साखर उतरवतं, तेवढा वेळ ह्यांना काम कमी. ह्यांच्या बदल्यात नाही अप्पा, ह्यांच्या मदतीला."

अप्पा खुर्चीत बसले. पट्टीच्या पायाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढंही त्या अंगठ्याचा त्या दिवशी उल्लेख झाला नाही. डॉक्टर, अव्वा, मी, आम्ही सगळे त्या अंगठ्यासाठी महिनाभर त्यांच्या पाया पडत होतो. स्वतःच्या पायासाठी माणूस बधला नव्हता.

"गाभन म्हस दोन म्हैनं धार न काढता आटवायला सोडत्यात," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तवा मानूस भागवतोयच की बाहेरच्या दुधावर. त्यात कसली लाज?"

"कसलीच नाही," सर घाईघाईनं म्हणाले.

"तुम्ही गप बसा."

सोमवारी सकाळी डॉक्टर बाटली घेऊन आले. अप्पांनी त्याचा सोहळा करायचं ठरवलंच होतं. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते पाटावर बसले. शेजारच्या काकूंना बोलावलं. अव्वा पदराचं टोक दातांत धरून उभी. डॉक्टरांनी सुई भरली आणि दंड पुढं करायला सांगितलं.

"दंडात न्हाय," अप्पा म्हणाले. "पोटात द्या. त्यांच्या शेजारी."

डॉक्टर म्हणाले, पोटात दिलं तर उत्तमच, आणि त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं की अप्पांनी यावर वाचन केलं होतं. सुई गेली. अप्पांनी डोळे मिटले नव्हते, खाली पोटाकडे बघत होते. कट्ट्यावर म्हशीच्या तोंडाकडे बघायचे ना, तसेच. मग त्यांनी बेंबीच्या बाजूला हलकी थाप मारली.

"बसा गं बायांनो आता निवांत."

अंगठा वाचला. जायला वेळ लागला असता त्याहून जास्त वेळ त्यानं बरं व्हायला घेतला, नखही वाकडं आलं, पण वाचला. चाखण्याचं काम बाजारात माझ्या चुलतभावाकडे गेलं. त्याची जीभ कशी भोंगळ आहे हे ऐकवत अप्पा शेजारी बसू लागले. आपल्याला मधुमेह आहे असं मात्र त्यांनी अखेरपर्यंत मान्य केलं नाही. कुणी सुईबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. आजारी ते नव्हतेच, आतली मंडळी दमली होती.

नव्या शतकात, माझ्या नावापुढं डॉक्टर लागून काही वर्षं झाल्यावर, आम्ही सांगलीकडच्या एका लग्नाला गेलो होतो. अप्पा दोन्ही पायांत कापशी घालून करकरत चालत होते. पंगतीला यजमान स्वतः जिलबीचं ताट घेऊन वाढायला आले. अप्पांनी ताटावर हात आडवा धरला. यजमान आमच्यातलेच. त्यांनी बोटांची फट हेरली.

"घ्या की पावणं! एक घ्या. एकानं काय व्हतंय?"

"मला काय व्हायचंय? मी धा खाईन," अप्पा म्हणाले, आणि दुसराही हात ताटावर ठेवला. "पन आत बायका आटवायला सोडल्यात. त्यास्नी उठवू नका."

यजमानांनी ताट तसंच धरून माझ्याकडे बघितलं. मी तोंडातल्या जिलबीसकट होकाराची मान हलवली.